स्ट्रोक पेशंटबरोबर काम करतेय, म्युझिक थेरपीचं पुढचं ट्रेनिंग कुठलं घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गायनात विशारद, मानसशास्त्रात एमए, त्यावर म्युझिक थेरपीचा एक वर्षाचा डिप्लोमा, गेली दोन वर्षं आठवड्याचे तीन दिवस स्पेशल स्कूलमध्ये ऑटिझमच्या मुलांबरोबर आणि दोन दिवस पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या न्यूरो रिहॅबमध्ये, म्हणजे मेंदूच्या आजारानंतरच्या पुनर्वसन विभागात काम. आता पुढचं क्लिनिकल ट्रेनिंग घ्यायचंय आणि समोर तीन पर्याय आहेत, न्यूरॉलॉजिक म्युझिक थेरपीचा चार दिवसांचा कोर्स, बॉनी मेथडचं (संगीत ऐकताना मनात येणाऱ्या प्रतिमांवरच्या मानसोपचाराचं) लेव्हल वन, नाहीतर कर्ज काढून सरळ यूकेत मास्टर्स. शिवाय दोन उपप्रश्न आहेत, रागचिकित्सेचं शास्त्रशुद्ध ट्रेनिंग कुठे मिळतं का, आणि या सगळ्यात रियाजाचं काय.

मी स्वतः बरीच वर्षं न्यूरो रिहॅबमध्ये आहे आणि आता शिकणाऱ्यांना सुपरव्हिजनही देते, त्यामुळे आधी सरळ उत्तर देते आणि मग कारणं सांगते. आधी निदान एक वर्ष नियमित सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी थेरपिस्टला आपलं काम ऐकवून त्यावर बोलणं, लावा. ते चालू असतानाच, स्ट्रोकचं काम आहे म्हणून, न्यूरॉलॉजिक म्युझिक थेरपीचा म्हणजे एनएमटीचा कोर्स करा. बॉनी मेथड आत्ता नको. मास्टर्स तेव्हाच, जेव्हा तिकडे राहून प्रॅक्टिस करायचं नक्की असेल किंवा रिसर्चमध्ये जायचं असेल.

सुपरव्हिजन आधी का, ते बघा. आपल्याकडे ॲडव्हान्स्ड म्हटलं की आणखी टेक्निक्स, आणखी सर्टिफिकेटं असं डोक्यात येतं. पण डिप्लोमा झालेल्या माणसाला आणि दहा वर्षं मुरलेल्या माणसाला तुम्ही एकाच पेशंटसमोर बसवलंत तर दोघांच्या हातातलं गाणं कदाचित तेच असेल, फरक पडतो तो ऐकण्यात, म्हणजे पेशंटने श्वास कुठे घेतला, डावा पाय ठोक्याच्या किती मागे पडला, मुलाने ढोलकीवर थाप मारून माझ्याकडे बघितलं की नुसती मारली, हे चालू गाण्यात ऐकू येणं आणि त्याच आवर्तनात आपलं वाजवणं बदलणं. हे पुस्तकातून येत नाही आणि चार दिवसांच्या कोर्समधूनही येत नाही, ते कुणीतरी तुमच्या सेशनचं रेकॉर्डिंग तुमच्या शेजारी बसून ऐकलं तरच येतं. अमेरिकन म्युझिक थेरपिस्ट केनेथ ब्रुशिया यांनी कामाच्या ज्या चार पातळ्या मांडल्यात त्या इथे उपयोगी आहेत. सगळ्यात खालच्या पातळीवर संगीत नुसतं सोबतीला असतं, मग दुसऱ्या उपचाराला जोड म्हणून, मग स्वतःचं उद्दिष्ट घेऊन चालणारं सखोल काम आणि शेवटी जिथे त्या माणसासाठी म्युझिक थेरपी हाच मुख्य उपचार आहे ती पातळी. आपल्याकडच्या बहुतेक डिप्लोमातून पहिल्या दोन पातळ्यांची तयारी होते असं माझं मत आहे आणि त्यात कमीपणा काही नाही, पण तेवढ्यावर तिसऱ्या-चौथ्या पातळीचं काम करायला जाऊ नये. अमेरिकन म्युझिक थेरपी असोसिएशनने 2009 मध्ये ॲडव्हान्स्ड कामाच्या क्षमता वेगळ्या लिहून काढल्या त्यासुद्धा याचसाठी, एन्ट्री लेव्हल आणि पुढचं काम हे दोन वेगळे टप्पे आहेत.

सुपरव्हिजन प्रत्यक्षात कसं असतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं म्हणून जरा सविस्तर सांगते. दर पंधरा दिवसांनी एक तास, त्याला तुम्ही एका सेशनमधली पाच-सात मिनिटं घेऊन जाता, रेकॉर्डिंगची लेखी परवानगी पेशंटकडून किंवा घरच्यांकडून आधीच घेतलेली असते. जाण्याआधी तुम्ही ती मिनिटं स्वतः ऐकून मिनिटागणिक लिहून काढायची, कुणी काय वाजवलं, सूर कुठला, लय कुठे बदलली आणि कुणी बदलली. ही सवय नॉर्डॉफ-रॉबिन्स परंपरेतून आलीय, पॉल नॉर्डॉफ हे संगीतकार-पियानिस्ट आणि क्लाइव्ह रॉबिन्स हे विशेष मुलांचे शिक्षक, या दोघांनी 1959 मध्ये इंग्लंडमध्ये एकत्र काम सुरू केलं आणि सेशनची टेप नंतर बारकाईने ऐकून नोंदी करणं हा त्यांच्या पद्धतीचा कणाच आहे. त्यांच्या कोर्सला जायला जमलं नाही तरी हे एवढं आजपासून करता येतं, एक मोबाइल आणि वही पुरते. नंतर सुपरव्हायझर विचारतात ते प्रश्न साधे वाटतात पण घाम फोडतात. तू इथे गाणं का थांबवलंस? तो गप्प झाला तेव्हा तू लगेच का गायला लागलीस, कुणाला ती शांतता सहन होत नव्हती? आपल्या गायकांना हा दुसरा प्रश्न फार लागू पडतो कारण मैफिलीत रिकामी जागा भरायची सवय असते, इथे मात्र ती जागा पेशंटची असते.

सुपरव्हायझर आपल्या गावातच हवा असं नाही. यूके, ऑस्ट्रेलियातले रजिस्टर्ड थेरपिस्ट ऑनलाइन सुपरव्हिजन देतात, त्यात मराठी-हिंदी कळणारे मिळाले तर उत्तम पण भाषा न कळणारा माणूससुद्धा सूर-लयीत तुमचं काय चाललंय ते बरोब्बर पकडतो. पैशाची अडचण असेल तर तिघा-चौघांनी मिळून ग्रुप सुपरव्हिजन घ्या. आणि शक्य असेल तर स्वतः काही महिने थेरपीला जा, यूकेतल्या ट्रेनिंगमध्ये विद्यार्थ्याने स्वतः थेरपी घेणं हा सहसा अभ्यासाचाच भाग असतो. आपल्या आजीचं आजारपण आपण काढलेलं असतं आणि वॉर्डात तसल्याच एका आजींजवळ आपण गरजेपेक्षा जास्त वेळ बसतो, हे दुसऱ्या कुणी दाखवल्याशिवाय दिसत नाही.

आता एनएमटी. मायकल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत 1990 च्या दशकात हे उभं केलं, हालचाल, बोलणं आणि आकलन या तीन भागांत मिळून 20 ठरावीक टेक्निक्स आहेत आणि पहिला कोर्स चार दिवसांचा, साधारण 30 तासांचा असतो. तुमचा डिप्लोमा त्यांच्या प्रवेशाच्या अटीत बसतो का हे पैसे भरण्याआधी ईमेल करून लेखी विचारून घ्या. ज्यांना डॉक्टर आणि फिजिओबरोबर एका टीममध्ये काम करायचंय त्यांना याचा फार फायदा होतो कारण यातली भाषा मोजमापाची आहे, राउंडवर न्यूरॉलॉजिस्ट विचारतात ‘काय फरक पडला’ तेव्हा ‘पेशंट खूश होता’ एवढंच उत्तर पुरत नाही.

यातलं चालण्याचं टेक्निक, रिदमिक ऑडिटरी स्टिम्युलेशन म्हणजे आरएएस, त्याचंच बघू, कारण उद्या सगळ्यात जास्त वापराल ते हेच. कानावर पडणारा नियमित ठोका मेंदूतल्या हालचालीच्या यंत्रणेला पुढचं पाऊल कधी पडायचंय ते आधीच सांगतो, त्यामुळे स्नायूंना तयारीला वेळ मिळतो, पेशंटला प्रत्येक पावलाचा विचार करावा लागत नाही. पण सुरुवात गाण्याने करायची नाही, मोजण्याने करायची. जमिनीवर 10 मीटरची पट्टी आखायची, पेशंटला त्याच्या नेहमीच्या चालीने चालू द्यायचं, सेकंद मोजायचे आणि पावलं मोजायची. समजा 20 सेकंद लागले आणि 24 पावलं पडली, म्हणजे वेग मिनिटाला 30 मीटर आणि पावलं मिनिटाला 72, वेगाला पावलांनी भागून दुप्पट केलं की एका पूर्ण ढांगेची लांबी आली, साधारण 83 सेंटिमीटर. आता मेट्रोनोम 72 वर. 80 वर नाही, तुमच्या आवडत्या गाण्याच्या लयीवर तर नाहीच नाही, आधी त्याच्या पायाला जी लय आहे तीच. ती स्थिर झाली, दोन्ही पाय सारखे पडायला लागले की मग पाच ते दहा टक्क्यांनी वाढवायची, मग वळणं, थांबून परत निघणं, उतार-चढ, आणि शेवटी ठोका हळूहळू काढून घ्यायचा आणि परत 10 मीटर मोजायचे. ठोका काढून घेतल्यावर चाल टिकली का हेच खरं उत्तर आहे, ठोक्यावर तर बरेच जण छान चालतात.

मेट्रोनोमवरून संगीतावर येताना आपल्या तालांचा विचार करावा लागतो आणि हा भाग परदेशी कोर्समध्ये कुणी शिकवणार नाही. चालणं दोन पायांचं, त्यामुळे केरवा बरोबर बसतो. दादऱ्यात तीन-तीन मात्रा, म्हणजे सम डाव्या पायावर पडली तर चौथी मात्रा उजव्यावर, वजन दर तीन पावलांनी पाय बदलतं, तुमच्या-माझ्यासारख्याला ते गोड वाटेल पण अर्धांगवायूच्या पेशंटला, ज्याचा एक पाय आधीच मागे राहतोय, त्याला गोंधळात टाकतं. रूपक, झपताल यांचे विभाग दोन-तीन मात्रांचे मिसळलेले, ते चालण्यासाठी विसरून जा. भजनी ठेका आठ मात्रांचाच, पण त्यात काही मात्रा मोकळ्या सुटतात आणि ठोका आडवळणी पडतो, म्हणून अभंग घ्यायचा असेल तर खाली टाळ सरळ मात्रेवर वाजवा, तबल्यातली कलाकुसर नको. टाळ हे या कामासाठी उत्कृष्ट वाद्य आहे असं माझं ठाम मत आहे, आवाजाची सुरुवात धारदार असते, वॉर्डातल्या गोंगाटात ऐकू येतो आणि ज्या माणसाने आयुष्यभर वारी केलीय त्याच्या पायाला टाळावर पडायची सवयच असते. पावली खेळलेले एक आजोबा माझ्याकडे होते, मेट्रोनोमच्या टिकटिकीला कंटाळून उभे राहायचे, टाळ घेतल्यावर पहिल्याच फेरीत पावलं ठोक्यावर. टाळावर कसं चालायचं हे अशा माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आणखी एक, चाल फार संथ असेल, मिनिटाला 40 पावलं वगैरे, तर दोन ठोक्यांमध्ये दीड सेकंद जातो आणि एवढं अंतर कानाला धरवत नाही. तिथे मधल्या मात्रा भरा, विलंबित एकतालात तबलजी जसा मात्रेच्या पोटात भरणा करतो तसंच. आलाप चालण्यासाठी कामाचा नाही, त्यात ठोकाच नाही, पण श्वास लांबवायला, आवाज टिकवायला तोच आलाप उत्तम.

सुरक्षेचं सांगते कारण उत्साहात राहून जातं. पेशंटच्या दुबळ्या बाजूला फिजिओ, कमरेला गेट बेल्ट, म्हणजे चालताना पेशंटला धरायचा पट्टा, तुम्ही समोर किंवा बाजूला आणि हातात वाद्य. वाद्य वाजवता वाजवता पेशंटला धरायचं काम तुम्ही अंगावर घेऊ नका. पार्किन्सन्सचा पेशंट असेल तर गोळी किती वाजता घेतली ते नोंदवा, नाहीतर फरक औषधाचा आणि श्रेय तुमच्या केरव्याला.

पुराव्याबद्दल. थाउट, मॅकिन्टॉश आणि राइस यांच्या 1997 च्या स्ट्रोकवरच्या अभ्यासात हे ट्रेनिंग रोज दोन वेळा, सहा आठवडे दिलं होतं. 2017 च्या कोक्रेन रिव्ह्यूमध्ये, म्हणजे आधीचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, मेंदूच्या इजेवरच्या 29 ट्रायल्स आणि 775 पेशंट होते आणि चालण्यासाठी आरएएस उपयोगी असू शकतं असं त्यात निघालं. आता यातला डोस बघा, तुम्ही आठवड्यातून दोन दिवस जाता, म्हणजे तुमच्या हातून तो डोस पडणारच नाही. म्हणून फिजिओला आणि घरच्यांना शिकवणं हा तुमच्या सेशनचाच भाग धरा, सुनेच्या किंवा नातवाच्या मोबाइलवर त्या आठवड्याची लय सेट करून द्या, कुठे चालायचं, कधी थांबायचं ते लिहून द्या.

दुसरं टेक्निक मेलडिक इंटोनेशन थेरपी, बॉस्टनमध्ये अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी 1973 मध्ये मांडलेलं. स्ट्रोकनंतर ज्यांना समजतं पण बोलता येत नाही त्यांच्यासाठी. इथे मला एक गोष्ट जरा जोर देऊन सांगायचीय. घरोघरी हे घडतं की आजींना ‘पाणी’ म्हणता येत नाही पण आरती सुरू केली की अख्खी म्हणतात, घरचे रडायला लागतात, व्हिडिओ काढतात आणि आता बोलणं येणार असं धरून चालतात. पाठ असलेलं गाणं म्हणता येणं आणि मनातलं वाक्य बोलता येणं हे मेंदूसाठी वेगळं काम आहे, पहिल्यावरून दुसरं आपोआप येत नाही. अमेरिकेच्या संसद सदस्य गॅब्रिएल गिफर्ड्स यांना 2011 मध्ये डोक्यात गोळी लागल्यानंतर म्युझिक थेरपीचा उपयोग झाला, तो व्हिडिओ सगळे पाठवतात, पण त्यामागे रोजची मेहनत होती. पद्धत अशी की रोजच्या गरजेचं छोटं वाक्य घ्यायचं, ‘पाणी दे’, ‘मला उठव’, ‘बास झालं’, ते दोन सुरांवर गायचं, सा आणि कोमल ग यांच्यात जेवढं अंतर तेवढं, आणि पेशंटच्या डाव्या हातावर प्रत्येक अक्षराला एक टॅप. आधी गुणगुणायचं, मग बरोबर म्हणायचं, मग आपण अर्ध्यात सोडून द्यायचं, मग त्याने एकट्याने, मग प्रश्नाला उत्तर म्हणून. आणि शेवटी सूर हळूहळू काढून साध्या बोलण्यापर्यंत आणायचं, तो शेवटचा टप्पा नसेल तर थेरपी अर्धवट राहिली. मराठीत वरचा सूर कुठल्या अक्षरावर द्यायचा ते इंग्रजी उदाहरणांवरून उचलू नका, इंग्रजीसारखा जोर आपल्या शब्दांवर पडत नाही. घरातल्या माणसाला ते वाक्य त्यांच्या नेहमीच्या ढंगात बोलायला सांगा, रेकॉर्ड करा, चढउतार त्यातून घ्या. सातारच्या घरातलं ‘पाणी दे’ आणि मालवणातलं वेगळं ऐकू येतं. आणि हरकत, मुरकी, मींड काही नको, गळ्याला मोह होतो पण इथे सूर सपाट आणि स्पष्ट हवा. हे काम स्पीच थेरपिस्टबरोबर बसूनच करायचं, एकट्याने नाही.

ऑटिझमच्या मुलांच्या कामासाठी वेगळा कोर्स लगेच नको, पण एक अभ्यास नक्की वाचा. टाइम-ए नावाची मोठी ट्रायल 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, 9 देश, 364 मुलं, त्यात इम्प्रोव्हायझेशनच्या, म्हणजे मुलाबरोबर उत्स्फूर्त वाजवण्या-गाण्याच्या म्युझिक थेरपीने पाच महिन्यांनंतर ऑटिझमच्या लक्षणांच्या तीव्रतेत नेहमीच्या उपचारांपेक्षा ठळक फरक दिसला नाही. याचा अर्थ काम बंद करा असा नाही. त्या मुलाने पहिल्यांदा तुमच्या थापेला थाप दिली, आईबरोबर पाळीपाळीने वाजवलं, याला किंमत आहेच आणि मी ते काम मनापासून महत्त्वाचं मानते. पण पालकांना ‘ऑटिझम कमी होईल’ असं सांगू नका, जे उद्दिष्ट घेतलंय तेच सांगा आणि तेच मोजा. या मुलांबरोबर विशारदच्या तालमीची एक अडचणही येते, आपली पट्टी ठरलेली असते, काळी चार म्हणजे काळी चार. मूल ज्या सुरात किंचाळतंय किंवा गुणगुणतंय तो सूर पकडून तिथूनच सुरुवात करावी लागते, त्याच्या मूडला आधी भेटायचं आणि मग हळूहळू न्यायचं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ आयरा अल्टशुलर यांनी 1940 च्या दशकात आयसो प्रिन्सिपल म्हणून हेच मांडलं. पेटीवर एक हात भात्यात अडकतो, म्हणून गिटार किंवा कीबोर्डवर निदान सात-आठ कॉर्ड्स हातात बसवा, मुलाच्या एका सुराखाली कॉर्ड बदलला की तोच सूर त्याला वेगळा ऐकू येतो आणि तो मान वळवतो.

बॉनी मेथडबद्दल थोडक्यात. हेलन बॉनी यांनी 1970 च्या दशकात मेरीलँडमध्ये विकसित केलेली, शिथिल अवस्थेत संगीत ऐकताना मनात येणाऱ्या प्रतिमांवर काम, ट्रेनिंगच्या तीन लेव्हल्स आणि त्यात स्वतः सेशन्स घेणं. खोल मानसोपचाराचं काम आहे, तुमचे स्ट्रोक पेशंट किंवा शाळेतली मुलं त्यासाठी योग्य गट नाहीत आणि सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होणारा आजार असलेल्या माणसाबरोबर तर ते करूच नये. पुढे कधी समुपदेशनाकडे वळलात तर जरूर बघा. तसंच नवजात बाळांच्या आयसीयूचं, जोआन लोवी यांच्या 2013 च्या अभ्यासात 11 हॉस्पिटलांमधली 272 बाळं होती आणि आईबापांनी निवडलेली त्यांची स्वतःची अंगाई हा त्यातला एक भाग होता, ऐकायला मोहक आहे, पण तिथे आवाज 45 डेसिबलच्या खाली ठेवायची शिफारस आहे आणि बाळाचं अंग निळसर पडतंय का हे गाता गाता बघता यायला हवं, त्यासाठी वेगळं ट्रेनिंग घेतल्याशिवाय आत जाऊ नका.

रागचिकित्सा. झोपेला दरबारी, रक्तदाबाला अमुक, मधुमेहाला तमुक असे तक्ते फिरतात, ते शिकवणारे कोर्सही आहेत. माझा सल्ला स्पष्ट आहे, त्यावर पैसे घालू नका. रोगाला राग जोडणाऱ्या त्या तक्त्यांना वॉर्डात टिकेल असा आधार नाही. माणसावर परिणाम होतो तो लयीचा, आवाजाच्या पातळीचा, ओळखीचा, आवडीचा, आणि समोर कोण गातंय त्याच्याशी जुळलेल्या नात्याचा. रेकॉर्ड लावून ऐकवणं आणि थेरपिस्टने पेशंटबरोबर काम करणं यातही फरक आहे, पहिल्याला म्युझिक मेडिसिन म्हणतात, ऑपरेशनआधीची भीती कमी करायला ते चांगलं आहे, पण ती थेरपी नव्हे. राग हे तुमचं साहित्य म्हणून अमूल्य आहे, भूपाच्या पाच सुरांत पेशंटला काही वाजवायला दिलं तर विसंवाद वाटत नाही, हा फायदा रोजचा आहे.

याऐवजी महाराष्ट्रात काम करणाऱ्यासाठी खरं ॲडव्हान्स्ड ट्रेनिंग मी कशाला म्हणेन तर दुसऱ्यांची गाणी शिकण्याला. विशारदमध्ये ख्याल, नाट्यगीत, भावगीत, अभंग येतात, पण वॉर्डात येणारा माणूस त्याच घरातला असेल असं कुठे आहे? बौद्ध घरातल्या आजोबांसमोर तुम्ही गणपतीची आरती सुरू केलीत तर ते सभ्यपणे गप्प बसतील आणि तुम्ही नोंदीत ‘प्रतिसाद कमी’ लिहाल, त्याच आजोबांना भीमगीत माहीत असलेला थेरपिस्ट भेटला असता तर उजवा हात टेबलावर ताल धरायला लागला असता. कोळीगीतं, गोंधळ, भारूड, लावणी, वसईच्या ख्रिस्ती घरातली लग्नाची गाणी, कव्वाली, हे सगळं शिकायचंय. गावाकडच्या वयस्क बायकांसाठी जात्यावरच्या ओव्या शिका, हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅ यांनी गोळा केलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) साइटवर हळूहळू येतायत, बऱ्याच ऐकायलाही मिळतात. ओवी म्हणताना हाताची गोल फिरवायची हालचाल जोडीला असतेच, खांद्याच्या व्यायामाला याहून चांगलं काय मिळणार. मात्र आधी घरच्यांना विचारा, एखादं भजन त्या घरात फक्त कुणी गेल्यावर म्हटलं जात असेल तर ते नकळत सुरू करून चालणार नाही.

मास्टर्सचं. यूकेत म्युझिक थेरपिस्ट हे पद कायद्याने संरक्षित आहे, एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेकडे नोंदणी लागते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त मास्टर्स लागतं. तिकडची परंपरा जुनी आहे, ज्युलिएट अल्विन यांनी लंडनच्या गिल्डहॉलमध्ये 1968 मध्ये कोर्स सुरू केला. अमेरिकेत 1200 तासांचं क्लिनिकल ट्रेनिंग आणि मग बोर्डाची परीक्षा. तुमची विशारद बाहेरचं विद्यापीठ संगीताची पदवी म्हणून धरेलच असं नाही, ऑडिशनला वजन असतं, हे अर्जाआधी विचारा. भारतात पुद्दुचेरीला श्री बालाजी विद्यापीठात मेडिकल कॉलेजच्या आवारातच सुमती सुंदर यांनी उभारलेलं केंद्र आहे, दिल्लीत मार्गारेट लोबो यांनी स्थापन केलेली म्युझिक थेरपी ट्रस्ट आहे, दोन्हीकडे फोन करून सध्या काय चालू आहे ते विचारा. कुठल्याही कोर्सला एकच गोष्ट खोदून विचारायची, पेशंटबरोबरचे तास किती आणि त्यातल्या किती तासांचं रेकॉर्डिंग कोण ऐकणार. याचं उत्तर गुळमुळीत आलं तर फी कितीही कमी असो, नको. फक्त इथेच काम करायचं असेल तर एवढं कर्ज काढून जाण्याआधी दहा वेळा विचार करा, आपल्याकडच्या हॉस्पिटलात म्युझिक थेरपिस्टचे पगार अजून त्या कर्जाचे हप्ते भरण्यासारखे नाहीत.

रियाज सोडू नका, पण त्याचं स्वरूप बदला. सकाळचा अर्धा तास स्वतःच्या पट्टीत ठेवा, तो तुमच्यासाठी, दिवसभर वॉर्डात मोठ्याने गाऊन गळा बसतो तो सांभाळण्यासाठी. बाकी अर्धा तास पेशंटच्या पट्टीत गायचं, स्ट्रोकनंतर आवाज बऱ्याचदा खाली येतो, तर तेच अभंग पांढरी एक, काळी एक, जिथे त्यांना जमेल तिथे, आणि मेट्रोनोम 55, 60, 72 असा कुठलाही आकडा लावून त्या लयीत न घसरता पाच मिनिटं टाळ वाजवत गायचं. ऐकायला सोपं आहे, 55 वर करून बघा. एनएमटीच्या कोर्सला जाण्याआधीचे दोन महिने हे आणि वॉर्डातल्या प्रत्येक चालणाऱ्या पेशंटचे 10 मीटर मोजून वहीत लिहिणं एवढं केलंत तर तिथल्या चार दिवसांत विचारायला तुमच्याकडे खऱ्या पेशंटचे प्रश्न असतील. ती वही कोर्सला बरोबर न्या, फक्त त्यात पेशंटची नावं लिहू नका.